शेवटच्या माणसाचं उत्तर

१

उंबरघळीत पुढे चालणाऱ्याने बत्ती मागे फिरवायची नाही, हा नवल पाटलाचा पहिला नियम. बाकीचे नियम तो माणसं पाहून वाकवायचा. हा कधी वाकला नाही. उजेड एकदम डोळ्यांवर आला की मागचा माणूस आंधळा होतो, आंधळा झाला की त्याचा पाय चुकतो, आणि घळीत पाय चुकला की गुडघा तरी फुटतो नाहीतर डोकं. म्हणून पुढच्याने पुढेच पाहायचं आणि वळण आलं की ओरडायचं, "बठ्ठा शेतस का?" म्हणजे, सगळे आहेत का? सगळ्यांत मागच्या माणसाने आपल्या पुढची माणसं नजरेखालून घालायची आणि म्हणायचं, "हो." हो ऐकू आला की पाऊल उचलायचं. नाही आला की आहे तिथे उभं राहायचं.

एरंडोलहून पद्मालयाला जाणारा रस्ता जंगलात शिरतो, तिथे एक कच्ची वाट फुटून उंबरकुंडला जाते. घळ त्या गावामागच्या टेकडीच्या पोटात आहे. नवल विशीत होता तेव्हा त्याची एक शेळी आत गेली आणि तिला आणायला हा कंदील घेऊन शिरला. शेळी संध्याकाळी आपली आपण घरी आली. नवल मात्र त्या दिवसापासून घळीचा झाला. पोरगं कामातून गेलं, असं गावाने ठरवून टाकलं.

लग्न नवं होतं. चऱ्हाटाचं एक टोक कमरेला बांधून नवल आत जायचा आणि दुसरं टोक धरून तानुबाई तोंडाशी बसायची. दोनचार दिवस तिने ते सोसलं. मग म्हणाली, "मी आठे बसीसन काय करू? दोर धरानं काम झाड बी करी." तिने दोर झाडाला बांधला, पदर खोचला आणि नवऱ्याच्या मागे चालू लागली.

आतल्या जागांना नावं तिनेच दिली. पहिली ऐसपैस जागा ती ओसरी. तिथून आत जाणारी चिंचोळी वाट तो बोळ. पाणी ठिबकतं ती न्हाणी. सगळ्यांत आत, जिथे माणसाला पुन्हा सरळ उभं राहता येतं, ते माजघर. माजघराच्या पलीकडे एक अरुंद फट आहे आणि तिच्यातून गार वारा येतो. त्या फटीला तानुबाईने नाव दिलं नाही. "तठे आपलं काय काम?" एवढंच म्हणाली.

पुढे जळगावचे प्रोफेसर आले, पेपरात फोटो आला, आणि रविवारी गाड्या लागायला लागल्या. नवल पुढे, तानुबाई शेवटी, आणि मधे शहरातली माणसं, कपाळं आपटून घेत आणि मोबाइल सांभाळत. तानुबाईचा हो इतका खणखणीत की लोक म्हणत, हिला एरंडोलच्या स्टँडवर गाड्या सोडायला बसवली पाहिजे. नवलने तो हो सगळ्या संसारभर पाठीवर घेतला. वळून पाहायची गरज त्याला कधी पडली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तानुबाई गेली.

२

दिवसकार्य झाल्यावर नवल महिनाभर घळीकडे फिरकला नाही. मग एका रविवारी लोक येऊन दारात उभे राहिले. नाही म्हणण्यापेक्षा जाणं सोपं होतं, म्हणून तो गेला. तेव्हापासून आलेल्यांतला जो धडधाकट दिसेल त्याला तो सगळ्यांत मागे उभा करी आणि हो म्हणायला शिकवी. लोकांना त्याची गंमत वाटे.

दिवाळीनंतर भडगावहून एका बँकेतली मंडळी आली. सगळे पुरुष. गिरधर नावाचा एक जाडजूड कारकून नवलने शेवटी घेतला. काही अवघड गेलं नाही. प्रत्येक वळणावर नवल ओरडला, प्रत्येक वळणावर हो आला, आणि उन्हं टेकडीवर असतानाच सगळे बाहेर पडले. नवल बत्तीची काच पुसत बसला होता, तेवढ्यात गिरधर कान धरून समोर आला.

"आबा, माफी करा हं. मी ते तुमचं हो म्हणायचं पार विसरूनच गेलो. व्हिडिओ काढत होतो ना."

"विसरनात?" नवल म्हणाला.

"एकदाही नाही म्हटलं. पण आलो ना सगळे सुखरूप?"

नवलने मान हलवली. गिरधरच्या पुढे चालणाऱ्याला त्याने सहज म्हणून विचारलं, भाऊ, हो तुम्ही म्हणत होते का? तो म्हणाला, नाही बुवा. आणखी एकदोघांना विचारलं, तेही नाही म्हणाले. मंडळी चहाची घाई करत गाडीत बसली. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी नवल पुसत राहिला. आलेला हो बाईच्या आवाजातला होता, आणि हे त्याला तेव्हा आत वावगं वाटलं नव्हतं.

३

नवल भाबडा नव्हता. घळीला आवाज असतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? वारा फटीतून शिटी घालतो. वटवाघळं चिरकतात. न्हाणीतलं पाणी कधी कधी अगदी माणसं कुजबुजल्यासारखं वाजतं. आणि कान म्हणजे लाडावलेलं जनावर, इतकी वर्षं जे खाल्लं तेच मागणार. घरी चुलीपुढे बसून त्याने स्वतःला हे सगळं नीट समजावलं. समजावून झाल्यावरही त्याने भाकरी मोडली नाही.

संध्याकाळी धुळ्याहून दिपमालाचा फोन आला. त्याची एकुलती एक लेक. तिकडे एका शाळेत शिकवते, आणि रोज या वेळेला फोन करते.

"आबा, जेवनात का?"

"हो."

"गोळी लिधी का?"

"हो."

"बरं शे ना बठ्ठं?"

"हो," नवल म्हणाला.

जेवण तसंच ताटात होतं. गोळी तो आठवड्यापूर्वीच विसरला होता. पण या घरात असंच चालत आलेलं. तानुबाईने तरी दुसरं काय केलं? शेवटच्या वर्षी तिला चार पावलं टाकली की धाप लागायची. घळीत सगळ्यांच्या मागे, अंधारात, ती भिंतीला धरून उभी राहायची आणि दम गोळा करून एकच हो असा मारायची की पुढच्याला वाटावं, बाई अजून डोंगर चढेल. नवल पुढे पाहत चालायचा. जळगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून विचारलं, "इतके महिने हिला दम लागत होता, तुमच्या लक्षात नाही आलं?" आता याला काय सांगायचं? तानुबाईनेच खाटेवरून सांगितलं, की त्यांना मागे पाहता येत नाही हो. डॉक्टरांना ते कळलं नाही.

दवाखान्यात तो सारखा विचारायचा, आता बरं वाटस का? ती हो म्हणायची. शेवटच्या सकाळीही म्हणाली. तो खाली चहा आणायला गेला, तो तिच्या त्या हो वर विसंबून.

४

पुढच्या रविवारी त्याने पारख करून पाहिली. शेवटी ज्याला उभं केलं त्याला बजावलं, बोलायचं नाही, गप चालायचं. ओसरी ओलांडल्यावर तो वळणाशी थांबला. हाक मारताना त्याचा आवाज चिरकला.

"बठ्ठा शेतस का?"

"हो."

पाठीमागून, नेहमीच्या अंतरावरून, नेहमीच्या घाईने. वळून पाहावं असं त्याला त्या क्षणी इतकं वाटलं की मान दुखली. पण मागे माणसं होती. त्यांत एक गरोदर बाई होती. त्याने पाऊल पुढे टाकलं.

पडसाद म्हणावा, तर पडसाद त्याच्याच आवाजात यायला हवा होता. कुणी थट्टा करतंय म्हणावं, तर तानुबाईच्या आवाजात आणि तिच्याच ठेक्यात? आणि ठेका तरी कसा, हाकेच्या शेवटच्या अक्षरावर चढून येणारा, जणू ती म्हणतेय, शेतस ना, चाला की आता. नवलने तर्क लढवायचा तेवढा लढवला. मग तो कंटाळला, आणि खरं सांगायचं तर सुखावला.

तेव्हापासून त्याने शेवटी कुणाला नेमणं सोडून दिलं. लोकांना सांगायचा, तुम्ही फक्त चाला, उत्तर द्यायची गरज नाही. रविवारी सकाळी तो दाढी करू लागला. तानुबाईने घेतलेला आकाशी सदरा पेटीतून निघाला. शेजारच्या भिकुबाईने हटकलंसुद्धा, "काय नवलआबा, पोरगी देखाले चालनात का?" तो हसला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. वळणं तीच होती, पण तो आता जास्त वेळा हाक मारायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा फार काळजी घेतो.

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती, पण त्याने ती मनावर घेतली नाही. हो आता पूर्वीपेक्षा जवळून यायचा.

५

पौष महिन्यात जळगावहून पुखराज शेठ घरच्यांना घेऊन आले. कापडाचं दुकान, गोड बोलणं, खिशात वेलदोडे. सोबत मुलगा अखिल, सून आयुषी आणि शेठांची आई धनकुंवर. आईचे गुडघे दुखत होते, पण घळ पाहायचीच म्हणून हटून बसली होती. "एवढ्या लांब आले ती काय गाडीत बसायला?" असं म्हणून सगळ्यांच्या आधी तीच उतरली. नवलला ती आवडली.

आत सगळं रीतीप्रमाणे झालं. माजघर पाहून परत फिरले. नवल पुढे, त्याच्या मागे बाकीचे. न्हाणीच्या वळणावर हाक, हो. बोळात हाक, हो. ओसरीत हाक, हो. उत्तर अगदी खांद्याशी आल्यासारखं आलं आणि नवलच्या मानेवर शहारा आला. तो शहारा सुखाचा आहे असं तो धरून चालला.

बाहेर उन्हात आल्यावर अखिल म्हणाला, "दादी कुठंय?"

आयुषी म्हणाली, "पप्पांजवळ आहेत ना."

पुखराज शेठ घळीच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना नवलला दिसला.

तो आत पळाला. त्या वयात घळीत पळू नये, पण तो पळाला. ओसरीत कुणी नव्हतं. बोळात नव्हतं. न्हाणीच्या कडेला, खडकाच्या बैठकीवर, म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. घाबरलेली दिसत नव्हती. अवघडलेली दिसत होती, जशी परक्या घरी पाहुणी दिसते.

"बाईसाहेब," नवल म्हणाला.

"आलास का रे बाबा," ती म्हणाली आणि त्याच्या हाताला धरून उठली.

६

गाडीजवळ सतरंजीवर बसवून तिला पाणी दिल्यावर ती नातसुनेला सांगू लागली. नवल जवळच उभा होता. त्याने ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

"पाय दुखले म्हणून मी जरा टेकले, तर ती बाई आलीच की मागून. आबांची बाई. सगळ्यांच्या मागून हो म्हणत चालते ना, ती. तिनं खांद्यावर हात ठेवला आणि बसवलं मला. मला वाटलं, दम खाऊ देतेय. मग आबांची हाक आली. मी म्हणणार होते, थांबा रे, मी मागे राहिले. तोंड उघडलं मी. तर माझ्या आधी तीच म्हणाली, हो."

"मग तुम्ही ओरडायचं ना, दादीसा," आयुषी म्हणाली.

"पुन्हा हाक आली तेव्हा ओरडणारच होते. पुन्हा तीच म्हणाली. मी तोंड उघडलं की ती म्हणायची. खांद्यावरचा हात काढेना." म्हातारीने पाण्याचा घोट घेतला. "बोलत काही नव्हती दुसरं. तोंडही नीट दिसलं नाही. एकटीच असते का हो ती आत?"

पुखराज शेठांनी नवलला दोष दिला नाही. उलट हात जोडले, तुम्ही धावत गेलात म्हणून आई मिळाली, म्हणाले, आणि गाडीतून मिठाईचा डबा काढून दिला. शिवी दिली असती तर नवलला सोसली असती. डबा हातात घेऊन तो वाटेवर उभा राहिला. गाडीची धूळ खाली बसली तरी तो तिथेच होता.

तानुबाईने आयुष्यात खोटा हो दिला तो फक्त स्वतःच्या जिवाबद्दल. माणसांच्या बाबतीत कधीच नाही. एकदा एका पोराची चप्पल बोळात अडकली तर तिने सगळी रांग थांबवून धरली होती. मग आत आहे ती तानुबाई नाही. किंवा आहे, आणि इतके दिवस अंधारात एकटी राहून ती अशी झाली आहे, की कुणी म्हातारी बाई सोबतीला बसली तर तिला उठू देत नाही. यातलं कुठलं खरं असावं अशी प्रार्थना करायची, हेच नवलला कळेना. त्या दिवशी तो घळीकडे पाठ करून बसला आणि लहान पोरासारखा रडला.

७

घळीला लोखंडी दार बसवा, असा अर्ज नवलने स्वतःच केला. वनखात्यातल्या हितेंद्रला आश्चर्य वाटलं. हा म्हातारा घळीसाठी लग्नातलं जेवण सोडून यायचा, आणि आता कुलूप मागतो? "दगड सुटी ऱ्हायनात," नवलने निखळत्या दगडांची सबब सांगितली. हितेंद्रने जास्त विचारलं नाही. दार बसलं. कुलूप लावायच्या दिवशी नवलला शेवटचं आत जायचं होतं, तेवढी सवलत हितेंद्रने दिली. दिपमाला धुळ्याहून आली होती. त्याला कायमचं घेऊन जायला.

घळीच्या वाटेवर त्याने तिला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. ती ऐकत ऐकत थांबली.

"मायना आवाज?" ती म्हणाली. "आनि तुम्ही माले सांगं नही?"

"तू इश्वास ठेवती का?"

"ते मी देखी लेतू. मी तिले दवाखानामा जित्ती देखी नही, आबा. मी उनू तवय पांघरेल व्हती." ती पोचली तेव्हा आईवर चादर ओढलेली होती, ते आठवून तिचे डोळे भरले. "तुम्ही रविवार रविवार ऐकी उनात. माले एक डाव तरी ऐकू देवाना व्हता."

लेकीचा हक्क होता आणि त्याने तो एकट्याने खाल्ला होता. तरी त्याने तिला आत येऊ दिलं नाही. ती तिची आई नसेल तर, म्हणाला. आणि असेल तर? दिपमालाने विचारलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. असेल तरी नको, म्हणाला.

"मी ओसरीमा थांबस," ती म्हणाली. "मंग तरी चालई ना?"

एवढं त्याने मान्य केलं.

८

माजघरात पोचल्यावर तो टेकला. समोर बाहेर जाणारी वाट, पाठीशी ती फट. फटीतून नेहमीचा गार वारा येत होता. बत्ती पुढच्या भिंतीवर धरून त्याने दम खाल्ला.

"बठ्ठा शेतस का?" त्याने विचारलं. ओरडायची गरज नव्हती.

"हो."

पाठीला लागून. सदऱ्याच्या कापडाला तो आवाज जाणवला. नवलने डोळे मिटले. इतक्या जवळून ती त्याच्याशी घरातच बोलायची, दिवा मालवल्यावर.

"तानु, तू शे का?"

"हो."

"तुले दुखस का आते?"

"हो."

मग जे विचारायला आला होता ते त्याने विचारलं. आवाज स्थिर ठेवायला त्याला कष्ट पडले.

"तू तानु नही शे ना?"

"हो."

तोच ठेका, तीच घाई. नवलने पुन्हा विचारलं, मी गिरधर शे का? हो. आज एरंडोलचा बाजार शे का? हो. मी मरी गयू का? हो. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो विचारत सुटला होता, वेड्यासारखं काहीही. प्रत्येकाला हो. तिचा एक शब्द या दगडांनी इतकी वर्षं ऐकला होता, तेवढाच त्यांच्यापाशी उरला होता. शब्दामागे कुणी नव्हतं. तानुबाई दवाखान्यात गेली, तो चहा आणायला गेला तेव्हा गेली, आणि ती कुठेच नव्हती. वर्षभराने त्याला ते पहिल्यांदा खरोखर समजलं. ते असह्य होतं, पण त्यात एक मोकळेपणाही होता. दाराला कुलूप लागेल. तो धुळ्याला जाईल. लेकीच्या हातचं जेवेल आणि तिने विचारलं तर खरं सांगेल, की नाही, बरं नाही वाटत.

तो भिंतीला धरून उठला. जाण्यापूर्वी माणूस घरात विचारतो, तसं त्याने विचारलं.

"मी जाऊ का मंग, तानु?"

उत्तर आलं नाही.

नवल थांबला. न्हाणीत पाणी ठिबकत होतं. वारा पडला होता. सगळ्याला हो म्हणणारा आवाज आता गप्प झाला होता, आणि त्या गप्प बसण्यात कुणीतरी होतं. हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायची आयुष्यात सवय नाही, असं कुणीतरी.

तेव्हा नवल पाटलाने बत्ती मागे फिरवली.

फटीच्या तोंडाशी, जमिनीला टेकून, कुणीतरी बसलेलं होतं. उजेड पडताच त्या आकृतीने हात वर केला. डोळ्यांवर एकदम प्रकाश आल्यावर मागचा माणूस जसा करतो, तसा. पंजा दिसला. बोटं दिसली. तोंड हाताआड होतं. तो हात खाली येत नव्हता.

"जाऊ का?" त्याने पुन्हा विचारलं, अगदी हळू.

"आबा!" ओसरीतून दिपमालाची हाक आली. "बरं शे ना बठ्ठं?"

नवलने तोंड उघडलं.

"हो," कुणीतरी म्हणालं. बोळातून, त्याच्या आणि दिपमालाच्या मधून. आवाज पुरुषाचा होता, म्हातारा, थोडा घोगरा. तो आपलाच आहे हे कळायला नवलला क्षणभर लागलं.

"व्हयनं का मंग? येतस ना?"

"हो."

मग पावलं ऐकू आली, सावकाश, भिंतीला धरून जाणारी. दिपमालाचा आवाज मऊ झाला होता. रडून झालेल्या माणसाला धरावं तसं ती कुणालातरी धरत असावी. "चाला घर, आबा. आते माले सोडीसन कोठेच जावानं नही. समजनं ना?" "हो." त्या उत्तराने तिला किती बरं वाटलं, ते तिच्या श्वासातून नवलला इथवर ऐकू आलं. पावलं दोघांची झाली आणि उजेडाच्या दिशेला गेली. बाहेर हितेंद्र काहीतरी बोलला. लोखंड लोखंडावर आलं.

अजून वेळ होता. एक आरोळी ठोकली असती तर ती दारापर्यंत पोचली असती, आणि दिपमाला आपल्या आबाची आरोळी ओळखून जंगलातून उलटी धावत आली असती. नवलने छातीत वारा भरून घेतला. समोर, हाताआड, ओठ हलल्यासारखे वाटले. म्हातारपणी त्याचे कान मंद झाले होते. आपण ओरडलो आणि नेमकी तेव्हाच ती बोलली तर ऐकू यायचं नाही, असं त्याला वाटलं, आणि तो श्वास रोखून तिच्या उत्तराची वाट पाहत उभा राहिला.